उद्यानात बिबट्या कसा आला?

गेल्या हिवाळ्यात आमच्या नातवाची शाळेची सहल कान्हेरीला गेली. पहाटे अंधारातच टेमघरहून बस निघाली आणि दिवेलागणीला परत आली. पोराचे बूट लाल मातीने माखले होते, डब्यातली एक पोळी माकडाने पळवली होती, आणि डोक्यात प्रश्नांचे मोहोळ उठले होते. जेवायला बसलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न टाकला, "आजोबा, संजय गांधी म्हणजे महात्मा गांधींचे कोण?"

आमची सौ. हसली. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. दहा वर्षांच्या मुलाने दारावरची पाटी वाचली होती, 'संजय गांधी राष्ट्रीय उद्यान'. आत गेल्यावर त्याला एक टेकडी दाखवण्यात आली, ती गांधी टेकडी. तिच्या माथ्यावर स्मारक आहे ते महात्माजींचे. त्याने दोन गांधी जोडले आणि नाते विचारले. मी त्याला नाते नाही असे सांगितले. संजय गांधी हे पंतप्रधान इंदिरा गांधींचे धाकटे चिरंजीव, २३ जून १९८० रोजी दिल्लीत विमानाच्या अपघातात गेले, आणि पुढच्या वर्षी या जंगलाला त्यांचे नाव दिले गेले, एवढे सगळे समजावले. त्याचे समाधान झाले. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला.

"पण आजोबा, उद्यानात बिबट्या कसा आला?"

या प्रश्नावर मी घास हातात घेऊन थांबलो. त्याच्या लेखी उद्यान म्हणजे नगरपालिकेचे उद्यान. घसरगुंडी, दोन मोडके झोके, 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आणि शिट्टी वाजवणारा वॉचमन. अशा ठिकाणी बिबट्या आला असेल तर तो बाहेरूनच, चुकून किंवा चोरून आलेला असणार. मी म्हणालो, "अरे, बिबट्या आला नाही. तो तिथलाच. उद्यान मागाहून आले." यावर तो म्हणाला, "मग त्याला उद्यान का म्हणतात? जंगल का नाही म्हणत?"

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांत नावाला फार महत्त्व. कादंबरीत पात्राचे नाव चुकले की ते पात्र शेवटपर्यंत उभे राहत नाही. बँकेत नाव चुकले तर पैसे भलत्याच्या खात्यात जातात. म्हणून पोराचा प्रश्न मला सोडवेना.

या जंगलाला नेमके काय म्हणायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या बाजूने, म्हणजे भिवंडीकडून ठाण्याला जाताना, खाडीच्या पलीकडे जी डोंगरांची रांग दिसते तिला आम्ही 'येऊरचे डोंगर' म्हणतो. ठाणेकरही तसेच म्हणतात. त्यांच्यासाठी ते जंगल म्हणजे येऊर. घोडबंदर रस्त्यावरच्या माणसाला त्याच जंगलाचे नाव चेने किंवा नागला वाटते. मुंबईच्या पाणी खात्याच्या दृष्टीने ते विहार आणि तुळशी या दोन तलावांचे पाणलोट आहे. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा. लेणी पाहणाऱ्याला ती कान्हेरी. आणि बोरिवलीकराला विचाराल तर तो एका दमात सांगेल, 'नॅशनल पार्क'. बसचा थांबा नॅशनल पार्क, रिक्षावाला नॅशनल पार्क, सकाळी फिरायला जाणारे आजोबाही नॅशनल पार्क. २०२२ साली तिथून मेट्रो सुरू झाली, तिच्या स्थानकाचे नाव ठेवले 'राष्ट्रीय उद्यान'. कुठले राष्ट्रीय उद्यान, ते नाही. नुसतेच राष्ट्रीय उद्यान.

विचार करून पाहा. भारतात शंभरावर राष्ट्रीय उद्याने आहेत. एकट्या महाराष्ट्रात सहा. ताडोबाला जाणारा माणूस 'नॅशनल पार्कला चाललो' म्हणत नाही, ताडोबाला चाललो म्हणतो. एखाद्या घरात मुलाचे नाव 'मुलगा' असे ठेवावे, शाळेच्या दाखल्यावरही तेच लिहावे, तशातला हा प्रकार झाला. देशातल्या एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत असलेल्या जंगलाला व्यवहारात नावच उरलेले नाही. जे सरकारी नाव आहे ते कोणाच्या तोंडी बसले नाही, आणि जे तोंडी बसले आहे ते नाव नव्हे, ती वर्गवारी आहे.

मग याला आधी नाव नव्हतेच का? होते, आणि फार जुने होते.

कान्हेरीची लेणी इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे खोदली जात होती. शंभरावर लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत या डोंगराचे नाव येते ते 'कण्हसेल'. कण्ह म्हणजे कृष्ण, काळा. सेल म्हणजे शैल. पुढे संस्कृत लेखांत तेच 'कृष्णगिरी' झाले. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमदानीत, शिलाहार कोकणात मांडलिक असताना कोरलेल्या लेखांत कृष्णगिरीच्या विहाराचा उल्लेख आहे. कण्हगिरीचे कान्हेरी झाले ते लोकांच्या जिभेवर घासून. तेव्हा कान्हेरी हे नाव कोण्या राजाने दिलेले नाही, कोण्या ठरावानेही नाही. काळ्या कातळाकडे बोट दाखवून माणसांनी जे म्हटले तेच दोन हजार वर्षे टिकले.

या लेखांविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण तिचा आमच्या परिसराशी आणि माझ्या जुन्या नोकरीशी संबंध आहे. दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक पुष्कळ आहेत. सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचेही आहेत. पण कल्याणचे विशेष. आमच्या टेमघरच्या जवळूनच कल्याण रस्ता जातो. त्याच टापूतला व्यापारी खाडी ओलांडून त्या काळ्या डोंगरावर गेला आणि भिक्षूंसाठी पाण्याचे टाके किंवा खोली खोदून देऊन आपले नाव दगडावर ठेवून आला. काहींनी नुसते बांधकाम दिले नाही, 'अक्षयनीवी' दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी भिक्षूंना वस्त्रे द्यायची, अशी व्यवस्था. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ही तर आमची मुदत ठेव! व्याज कशावर खर्च व्हावे याची सूचनासुद्धा लिहून ठेवलेली. फक्त पावती कागदाची नाही, कातळाची. अशा दस्तऐवजात तीन गोष्टी पक्क्या असाव्या लागतात : देणारा कोण, घेणारा कोण, आणि ठिकाण कोणते. ठिकाण चुकले तर दान वाया. त्या पावतीवर ठिकाण म्हणून जे नाव आहे, ते आज आपण पाटीवरून पुसले.

अगदी पुसले असेही म्हणता येत नाही. इथे या कथेतली खरी गंमत आहे, आणि ती थोडी कडवट आहे.

स्वातंत्र्याच्या आधी या जंगलाचा जो लहानसा भाग, सुमारे वीस चौरस किलोमीटर, राखीव केला गेला त्याचे नाव 'कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान' असेच होते. म्हणजे ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी लेख वाचले होते, निदान वाचणाऱ्याला विचारले होते. पुढे तलावांच्या भोवतालचे जंगल जोडले गेले, क्षेत्र वाढले आणि सत्तरच्या दशकात नाव झाले 'बोरिवली राष्ट्रीय उद्यान'. डोंगर गेला आणि पायथ्याचे स्टेशन आले. यात वाईट हेतू नसावा. बोरिवलीला उतरायचे म्हणून बोरिवली. बोरीच्या झाडांवरून गावाचे नाव पडले असे सांगतात, तेव्हा निदान एक झाड तरी त्यात होते. मग १९८१ साली संजय गांधी आले. आज हे जंगल शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पसरले आहे.

आणि कृष्णगिरी? ते नाव आज उरले आहे ते बोरिवलीच्या दरवाजातून आत गेल्यावर जो सहलीचा, मौजमजेचा भाग लागतो त्याला. त्याचे नाव 'कृष्णगिरी उपवन'. होडीचा तलाव, बाके, हिरवळ, मुलांची छोटी आगगाडी, हे सारे ज्या पाच-साडेपाच चौरस किलोमीटरांत मांडले तो हा भाग. म्हणजे पाहा काय उलटापालट झाली. जी खरोखर बाग आहे तिला डोंगराचे नाव मिळाले, आणि जे खरोखर जंगल आहे त्याला 'उद्यान' म्हटले गेले. दोन खात्यांच्या पासबुकांची अदलाबदल व्हावी तसे हे झाले. आमच्या शाखेत एकदा अशी अदलाबदल झाली होती. दोघेही खातेदार सहा महिने काही बोलले नाहीत. ज्याच्या पासबुकात जास्त शिल्लक दिसत होती तो का बोलेल?

आता 'उद्यान' या शब्दाकडे येतो. मराठीत झाडझाडोऱ्याला शब्दांची किती तरी उतरंड आहे. अरण्य, वन, रान, जंगल, राई, देवराई, उपवन, उद्यान, बाग, वाडी, परस. प्रत्येक शब्दाबरोबर माणूस आणि झाड यांच्यातले अंतर बदलते. परसात आपण चपला न घालता जातो. रानात काठी घेऊन जातो. देवराईत वाळलेली काटकीही उचलत नाही. उद्यान हा शब्द मुळात राजवाड्याच्या आसपासचा. संस्कृत नाटकांत राजा आणि विदूषक उद्यानात फिरतात, तिथे लता असतात, हिंदोळा असतो, मोर असतो. वाघ नसतो. वाघ अरण्यात असतो. हा भेद आपल्या भाषेला चांगला ठाऊक होता.

मग गफलत कुठे झाली? ती भाषांतरात झाली. इंग्रजीत 'पार्क' हा शब्द मुळात राजाने हरणांच्या शिकारीसाठी कुंपण घालून राखलेल्या रानाचा. लंडनचे हाइड पार्क हे आठव्या हेन्रीचे शिकारीचे रान होते. शहर वाढले, हरणे गेली, बाके आली आणि पार्कचा अर्थ बाग झाला. पण त्या भाषेच्या पोटात जुना अर्थ शिल्लक होता. म्हणून १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोनचे प्रचंड रान राखले गेले तेव्हा त्याला पार्क म्हणणे कोणाला खटकले नाही. आपण मात्र शब्दकोश उघडला, 'पार्क म्हणजे उद्यान' असे वाचले आणि शिक्का मारला. त्याच शिक्क्याने भायखळ्याची राणीची बाग 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' झाली. आमच्या चौकातली घसरगुंडीही उद्यान, आणि ज्या रानात बिबट्या रात्री भेकर मारतो तेही उद्यान.

याहून विचित्र गोष्ट कायद्यात आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात दोन मुख्य वर्ग आहेत, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. ऐकणाऱ्याला वाटेल की अभयारण्य म्हणजे कडक आणि उद्यान म्हणजे सैल. प्रत्यक्षात उलटे आहे. अभयारण्यात लोकांचे काही जुने हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायलाही परवानगी नाही. म्हणजे ज्या जागेचे रक्षण सगळ्यात कडक, तिला सगळ्यात मवाळ शब्द. 'अभयारण्य' हा किती सुंदर शब्द आहे! ज्यांनी तो योजला त्यांच्या कानाला भाषेची जाण होती. तीच माणसे पुढच्या ओळीवर आली आणि दमली असावीत.

माझे एक जुने सहकारी आहेत. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून या जंगलाच्या भिंतीलगत सदनिका घेतली. जाहिरातीत 'नॅशनल पार्क व्ह्यू' असे लिहिले होते. त्यासाठी चौरस फुटामागे काही जास्त रक्कमही मोजली. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावून गॅलरीतून हिरवे डोंगर दाखवले. मीही मनापासून कौतुक केले. दुसऱ्या वर्षी इमारतीच्या कॅमेऱ्यात रात्री दोन वाजता बिबट्या दिसला, कचऱ्याच्या डब्यापाशी कुत्र्याच्या मागावर. तातडीची सभा झाली. सभेत ठरले की वन खात्याला पत्र लिहावे, 'आपला बिबट्या आमच्या आवारात घुसला आहे, तरी तो परत न्यावा'. मसुदा मला दाखवला, बँकेची भाषा बरी असते म्हणून. मी म्हटले, "घुसला कसे लिहिता? त्याला विचारले तर तो तुमच्याविषयी हेच लिहील." त्यांना ते आवडले नाही. मला त्यांच्यावर रागही आला नाही. घरात लहान नातवंडे आहेत, भीती खरी आहे. पण ती भीती विकत घेताना त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की हे जंगल आहे. पाटीवर उद्यान होते, जाहिरातीत पार्क होते. जाहिरातीत 'अरण्यालगत' असे लिहिले असते तर कदाचित घर घेतले असते, पण पोरांना एकटे खाली सोडले नसते, कचरा उघडा टाकला नसता.

ही थट्टेची गोष्ट नाही. २००४ साली जून महिन्यात या जंगलाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे मेली, तेव्हाचे दिवस अनेकांना आठवत असतील. त्यानंतर अभ्यास झाले आणि एक गोष्ट पुढे आली : दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते. म्हणजे जनावराचे घर कुठले याचा विचार न करता, 'उद्यानात जागा आहे, तिथे सोडा' असा तो हिशोब. पुढे २०११च्या सुमारास वन खात्याने मुंबईकरांना सोबत घेऊन लोकशिक्षणाचे काम सुरू केले. कचरा आवरा, भटकी कुत्री वाढू देऊ नका, पोरांना अंधारात एकटे पाठवू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. ते काम चांगले होते. पण त्या मोहिमेच्या नावाकडे माझे लक्ष गेलेच. 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी'. म्हणजे पूर्ण नाव उच्चारणे त्यांनाही जड गेले! हल्लीची मुले सर्रास 'एसजीएनपी' म्हणतात. ज्यांच्या स्मृतीसाठी नाव ठेवले तेही आता दोन अक्षरांत गडप झाले आहेत. स्मारक करणाऱ्यांचा हेतू हा नसावा.

इथे काही वाचक म्हणतील, की मला संजय गांधींचे नाव खुपते आहे, म्हणून एवढा पसारा. तसे नाही. माझे राजकारण जे काही आहे ते मतपेटीत. शिवाय न्यायाने बोलायचे तर संजय गांधींच्या पाचकलमी कार्यक्रमात वृक्षारोपण हे एक कलम होते, तेव्हा झाडांशी त्यांचा अगदीच संबंध नव्हता असे म्हणता येणार नाही. आणि माणसाचे नाव जंगलाला असूच नये, असेही माझे म्हणणे नाही. ताडोबाचेच पाहा. त्या तळ्याकाठी झाडाखाली ज्याचे ठाणे आहे तो तारू नावाचा गोंडांचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव केले, अशी तिथली कथा. तारूचा तारोबा, तारोबाचा ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा कोणाला नाव शोधावे लागले नाही. हिमालयाच्या पायथ्याचे कॉर्बेट घ्या. १९३६ साली ते हेली नावाच्या गव्हर्नरसाहेबाचे होते, मग रामगंगा नदीचे झाले, आणि पन्नाशीच्या दशकात जिम कॉर्बेटचे. हेली कोण हे आज कोणाला माहीत आहे? कॉर्बेट मात्र त्या रानात पायी हिंडला होता, तिथल्या खेड्यांतली माणसे त्याला ओळखत होती. म्हणून ते नाव चिकटले. जंगलाने माणसाला ओळखले असेल तर त्याचे नाव जंगल धारण करते.

नाही तर काय होते ते आपल्याच राज्यात पाहायला मिळते. नागपूरच्या उत्तरेला पेंच आहे. महाराष्ट्रातल्या पेंचचे कागदोपत्री नाव पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान, आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या भागाचे इंदिरा प्रियदर्शिनी. वडील इकडे, मुलगी तिकडे. मधून वाहणाऱ्या नदीने दोघांनाही आपल्या नावात सामावून घेतले. विदर्भातला माणूस पेंचला जातो, एवढेच. आसामात २०२१ साली ओरांगच्या नावापुढचे राजीव गांधींचे नाव तिथल्या मंत्रिमंडळाने काढले. अमेरिकेत अलास्कामधले एक राष्ट्रीय उद्यान १९१७ पासून मॅकिन्ली नावाच्या राष्ट्राध्यक्षाच्या नावे होते. १९८० साली त्याला तिथल्या मूळ रहिवाशांचा शब्द मिळाला, 'डेनाली'. तिथल्या पर्वताचे नाव २०१५ साली डेनाली केले गेले, २०२५ साली पुन्हा मॅकिन्ली केले गेले. उद्यान मात्र डेनालीच राहिले. राजधानीत नावे लिहिली-खोडली जातात, पर्वताला त्याचे काय?

म्हणून नवे पुढारी शोधून त्यांचे नाव द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. ती तर मला सगळ्यात मोठी भीती आहे. नामांतराचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच याद्या तयार होतात. एक नाव काढून दुसरे लावले तर जंगल आहे तिथेच, फक्त पाटी रंगवणाऱ्याचे बिल निघते.

नावाची ही खोड आम्हा भिवंडीकरांना नवी नाही. आमच्या महापालिकेचे पूर्ण नाव भिवंडी-निजामपूर. घरपट्टीच्या बिलावर ते छापलेले असते. पण लग्नपत्रिकेत 'मु.पो. निजामपूर' लिहिणारा मला आजवर भेटलेला नाही. शेजारच्या कल्याणला मुसलमानी अमदानीत इस्लामाबाद म्हणत, तेही दप्तरातच राहिले आणि कान्हेरीच्या दगडावरचे कल्याण आज लोकलच्या पाटीवर आहे. उलट, नुसते नाव सारखे असल्याने काय घोटाळा होतो तोही आम्ही अनुभवला. २०१६ साली पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातले टेमघर धरण गळत असल्याची बातमी आली, आणि माझ्या साताऱ्याच्या मावसबहिणीचा घाबऱ्या घाबऱ्या फोन. "तुमच्या घरात पाणी आलं का?" तिला समजावले, अगं, ते टेमघर वेगळे. आमच्या टेमघरला पाण्याचा संबंध आहे, पण तो शहाडहून येणाऱ्या नदीच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचा. आमच्याकडे पाणी येत नाही हीच तक्रार असते. ती म्हणाली, "मग नाव बदला की!" दोन टेमघरांपैकी कोणी बदलायचे, हे तिने सांगितले नाही.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

या जंगलात आजही वारल्यांचे पाडे आहेत. पिढ्यानपिढ्या ते तिथे राहतात. त्यांचा देव वाघोबा. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला, शेंदूर लावलेला. त्याला नैवेद्य दाखवायचा आणि आपल्या गुराढोरांना, लेकराबाळांना सांभाळ म्हणायचे. आता 'वाघोबा' या शब्दाकडे जरा कान देऊन पाहा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, ताडोबा, वाघोबा. 'बा' म्हणजे बाप, वडीलधारा. भाषेने जनावराला घरातल्या थोरल्याच्या जागी बसवले. थोरल्याचा धाक असतो, त्याच्या वाटेत आपण उभे राहत नाही, पण त्याला घराबाहेर काढा असे पत्रही लिहीत नाही. बिबट्याबरोबर कसे राहावे याचे जे शिक्षण २०११ नंतर पत्रकांतून द्यावे लागले, ते वारल्यांनी एका प्रत्ययात सांगून ठेवले होते. हे सगळे भाबडेपणाने म्हणत नाही. पाड्यांवरच्या माणसांनाही बिबट्याने मारले आहे, आणि इमारतीतल्या माणसांपेक्षा त्यांनाच धोका अधिक असतो. तरी ते त्याला 'घुसखोर' म्हणत नाहीत.

माझी मागणी दोन शब्दांची आहे. एक, बागेला दिलेले 'कृष्णगिरी' हे नाव साऱ्या जंगलाला परत द्यावे. ते काही नवे नाव नव्हे. स्वातंत्र्याआधीच्या सरकारी कागदावरही ते होते आणि त्याच्या कितीतरी आधीच्या कातळावरही आहे. ते कोणत्या पक्षाचे नाही, जातीचे नाही, आणि त्यात भगवान श्रीकृष्णाला ओढण्याचेही कारण नाही, कारण तिथे कृष्ण म्हणजे फक्त काळा. बौद्ध भिक्षू, कल्याणचा व्यापारी, शिलाहारांचा अधिकारी, सगळ्यांनी ते वापरले. बागेला मग खुशाल संजय गांधी उद्यान म्हणा. तिथे मुले खेळतील, होडीत बसतील, नाव त्यांच्या तोंडी राहील, आणि स्मारकाचा हेतूही आजच्यापेक्षा बरा साधेल.

दुसरा शब्द जास्त अवघड. 'राष्ट्रीय उद्यान' हा कायद्यातला शब्द आहे, देशभरचा आहे, तो माझ्यासारख्याच्या लेखाने बदलणार नाही हे मला कळते. पण वन खात्याच्या पाट्या, शाळेची पुस्तके, वर्तमानपत्रांचे मथळे, यांना कायद्याची भाषा सक्तीची नाही. 'उद्यानातून बिबट्या वस्तीत शिरला' असा मथळा रोज छापण्याऐवजी 'जंगलालगतच्या वस्तीत बिबट्या' असे छापायला कोणाची परवानगी लागते? 'राष्ट्रीय अरण्य' म्हणा. निदान कंसात तरी म्हणा.

आमच्या सौ.चे मत वेगळे आहे. ती म्हणते, नाव बदलून भिंती मागे सरकणार आहेत का? इमारती खाली उतरणार आहेत का? बरोबर आहे. नाही सरकणार. पण मी तिला बँकेतला एक साधा नियम सांगितला. रक्कम कोणत्या शीर्षकाखाली जमा आहे त्यावर ती कशासाठी खर्च होणार हे ठरते. 'बाग' या शीर्षकाखाली जमा केलेल्या जागेवर उद्या कोणी कारंजे मागेल, परवा रस्ता मागेल, तेरवा वाहनतळ मागेल, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटणार नाही. बागेतून रस्ता काढायचाच असतो. 'अरण्य' या शीर्षकाखालच्या जागेतून रस्ता मागताना निदान एकदा तरी जीभ अडखळेल. अडखळण्याएवढ्या वेळात पुष्कळदा कर्ज नामंजूर होते, हे मी पाहिले आहे.

नातवाला सहलीवर दहा ओळी लिहायच्या होत्या. त्याने वहीत मथळा लिहिला : 'कान्हेरीचे जंगल'. खाली लिहिले, 'हे जंगल खूप जुने आहे. याला काळा डोंगर म्हणत. इथे बिबट्या राहतो. आम्हाला तो दिसला नाही पण त्याने आम्हाला पाहिले असेल.' हे शेवटचे वाक्य मी सांगितलेले नव्हते.

वही तपासून आली. बाईंनी मथळ्याला लाल गोल केला होता आणि बाजूला नेटक्या अक्षरात शेरा लिहिला होता : 'पूर्ण नाव लिही.' त्याने माझ्याकडे वही धरली आणि विचारले, "आजोबा, कुठले लिहू?"